रात्रीचा फोन कोणाला येतो?

पत्र थोडक्यात: लिहिणारी एकतीस वर्षांची वेब डेव्हलपर आहे. पुण्यात सहा वर्षं एका मोठ्या कंपनीत काढल्यावर वडिलांच्या आजारपणामुळे ती पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या गावी परतली आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. ही कंपनी दूध संस्थांसाठी वेबवर चालणारं सॉफ्टवेअर बनवते. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट-एसएनएफप्रमाणे (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) दर, दर दहा दिवसांचं बिल, दिवाळीचा दर फरक, सगळं त्यातच. टीम सहा जणांची. कोड बारा वर्षं जुना, पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि जेक्वेरी (ब्राउझरमधलं काम सोपं करणारी तयार कोडची लायब्ररी) यांतला, आणि बहुतेक एकाच माणसाने लिहिलेला. त्यांना ऑफिसात सगळे अण्णा म्हणतात. अण्णा प्रत्येक बदल स्वतःच्या लॅपटॉपवरून एफटीपीने (फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने) थेट लाइव्हला, म्हणजे लोक वापरतात त्या सर्व्हरवर टाकतात. सर्व्हरचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. हिने गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) सुरू करून पाहिलं, कामांच्या नोंदीसाठी जिरा आणलं, रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट या वेबपानं बनवायच्या नव्या साधनांमध्ये एक स्क्रीन करून दाखवली. जिरा तीन आठवड्यांत ओस पडलं. अण्णांचा कोड तपासताना हिने ३७ कॉमेंट लिहिल्या, त्यानंतर अण्णांनी गिट उघडलंच नाही. निर्णय चहाच्या टपरीवर होतात आणि हिला दुसऱ्या दिवशी कळतात. हल्ली तिला 'नवीन टूलवाल्या मॅडम' म्हणतात. मालकांचं म्हणणं, "तुम्ही आपसात मिटवा." तिचा प्रश्न असा: सगळं नव्याने लिहायचा हट्ट धरावा, गप्प बसावं, की परत पुणं गाठावं? "इथे राहिले तर माझं करिअर गंजेल," असं ती लिहिते.

---

तू 'ताई' म्हणून सुरुवात केली आहेस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि टूलची जेवढी नावं दिसली तेवढी खोडत गेले. चौदा निघाली. खाली उरलं ते असं: मला विचारलं नाही. मला आधी सांगितलं नाही. मी केलेलं कोणी उघडूनही पाहिलं नाही. सगळे हसले. या चारही वाक्यांचा रिअ‍ॅक्टशी काही संबंध नाही, आणि उद्या सगळा कोड रिअ‍ॅक्टमध्ये गेला तरी ही चार वाक्यं तशीच राहतील.

तरी सुरुवात टूलपासूनच करू. तिथे तुझं अर्धं बरोबर आहे, पण तो अर्धा भाग कोणता हे तू वेगळं काढलेलं नाहीस.

'कोड जुना म्हणून टीम मागे' हे तू गृहीत धरलं आहेस. जेक्वेरी २००६ साली जॉन रेसिगने आणली तेव्हा मी वेबचं काम करत होते. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाललेलं पान फायरफॉक्समध्ये मोडायचं, आणि एक बटण दोन्हीकडे चालवण्यात दुपार जायची. तो त्रास जेक्वेरीने संपवला. पुढे ब्राउझरच सुधारले आणि तिची गरज कमी झाली. पण गरज कमी झाली म्हणून चालू असलेली जेक्वेरी काही विषारी होत नाही. पीएचपीचंही तेच. ती १९९५ पासून आहे, वर्डप्रेस तिच्यावर उभं आहे, आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. जेक्वेरीच्या तक्रारीखाली तू कंसात, जाता जाता लिहिलंस की सर्व्हरवर अजून पीएचपीची जुनी ५.६ आवृत्ती आहे. अगं, ही ओळ कंसात टाकायची होती का? ५.६ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं. त्या सर्व्हरवर हजारो शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत, हेही तूच लिहिलं आहेस. मी मालक असते तर या एका ओळीने माझी झोप उडाली असती. आणि तू मात्र मालकांसमोर पाऊण तास कॉम्पोनंट म्हणजे काय ते समजावत होतीस.

तेव्हा तुझ्या यादीतल्या गोष्टी तीन ठिकाणी वाटून घे. काही धोक्याच्या आहेत: मेलेली पीएचपी, लाइव्ह सर्व्हरवर थेट फाइल टाकणं, 'बिल_फायनल_नवीन_२' अशा नावांच्या फाइली हाच इतिहास, आणि पासवर्ड एकाच माणसाकडे. गिट २००५ पासून आहे आणि फुकट आहे, ते नसण्याला आता कोणतंच कारण पुरत नाही. काही गोष्टी नुसत्या त्रासाच्या आहेत, म्हणजे ते १४०० ओळींचं फंक्शन आणि जेक्वेरीचा गुंता. आणि काही, रागावू नकोस, आवडीच्या आहेत. रिअ‍ॅक्ट की साधी पानं, टाइपस्क्रिप्ट हवं की नको, जिरा की भिंतीवरचा फळा. तुझ्या पत्रात या तिन्ही एकाच पट्टीत, एकाच आवाजात आल्या आहेत. समोरच्याने सगळ्यात हलकी उचलली आणि तिच्यावर हसला. मग जड गोष्टही हसण्यावारी गेली.

सगळं नव्याने लिहायच्या हट्टाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तो हट्ट मी स्वतः केलेला आहे. २०१४ साली माझ्या टीमकडे एक चालू, कुरूप, जेक्वेरीत लिहिलेली वेबसाइट होती. मी अँग्युलरजेएस या वेबसाइट बनवायच्या साधनाच्या प्रेमात होते. गुगलचं आहे, म्हणजे टिकणारच, असं मी छातीठोकपणे सांगितलं. सात महिने लागले. त्या सात महिन्यांत ग्राहकाला नवीन काहीही मिळालं नाही, जुन्या काही सोयी मात्र हरवल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं. नाव जवळजवळ तेच, आतून सगळं वेगळं. आमचा कोड त्यात सरळ चढवता येईना. जुन्या अँग्युलरजेएसचा आधार गुगलने २०२१ च्या शेवटच्या दिवशी बंद केला, पण आमच्यासाठी ते त्याआधीच ओझं झालेलं होतं. ज्या जेक्वेरीला मी हसले होते ती ज्या पानांवर उरली होती ती पानं मात्र बिनबोभाट चालत होती. त्या वेळी मला कोणी 'मॅडम' म्हणून चिडवलं नाही, कारण मीच टीम लीड होते. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि हा माझा एकटीचा वेडेपणा नव्हता. नेटस्केप हा एके काळी घराघरातला ब्राउझर. १९९८ साली त्यांनी जुना कोड टाकून नव्याने लिहायचं ठरवलं. चौथी आवृत्ती १९९७ ची, पाचवी कधी आलीच नाही, सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर इंटरनेट एक्सप्लोररने बाजार नेला होता. कारणं इतरही होती, मायक्रोसॉफ्ट ब्राउझर विंडोजसोबत फुकट देत होतं. पण जवळजवळ तीन वर्षं हातात नवीन काही नसणं कोणत्याही कंपनीला परवडत नाही. तुमच्या सहा जणांच्या कंपनीला तर तीन महिनेही परवडणार नाहीत, कारण बिल दर दहा दिवसांनी निघायलाच हवं.

जुना कोड टाकताना नेमकं काय जातं, याचं उदाहरण तुझ्याच पत्रात आहे. त्या १४०० ओळींमध्ये एका संस्थेसाठी रविवार संध्याकाळच्या दुधाला वेगळी अट आहे आणि "ती कशासाठी हे कोणालाच माहीत नाही" असं तू लिहितेस. कोणालाच म्हणजे तू कोणाकोणाला विचारलंस? अण्णांना विचारलंस? मी अंदाजच करू शकते. कदाचित त्या गावाला रविवारी संध्याकाळी टँकर जात नसेल, दूध रात्रभर तिथेच राहत असेल. कदाचित तिथल्या सचिवांनी कधीतरी वेगळा दर ठरवून घेतला असेल. जे काही असेल ते, त्या एका ओळीमागे एखाद्या शेतकऱ्याचं चुकलेलं बिल असणार, भांडण असणार आणि रात्री जागून केलेली दुरुस्ती असणार. तू नव्याने लिहिशील तेव्हा ही ओळ स्वच्छ कोडच्या नावाखाली गळेल, आणि मग एका रविवारनंतर फोन वाजेल.

फोन. मला खरं तर याच्याबद्दलच लिहायचं होतं.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: "अण्णांचा फोन १, ११ आणि २१ तारखेला रात्रभर चालू असतो, त्याचाही त्यांना अभिमान आहे." हे तू टोमणा म्हणून लिहिलंस. मी ते वाचून थांबले. बारा वर्षं, महिन्यातून तीन रात्री. सचिव म्हणतो बिल जुळत नाही, फॅटचा आकडा चढला नाही, प्रिंट निघत नाही, आणि उजाडताच दारात दूध घालणारे उभे राहणार. हा फोन कंपनीत बाकी कोणाला येतो? तुला येतो? पत्रात तसं काही दिसलं नाही.

आता अण्णांच्या बाजूने तुझे प्रस्ताव पुन्हा बघ. मुलगी म्हणते, सर्व्हरवर थेट फाइल टाकू नका. म्हणजे रात्री दोन वाजता चूक सापडली तर दोन मिनिटांत दुरुस्त करायची त्यांची एकमेव वाट तू बंद करणार. मुलगी म्हणते, कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही. रात्री दोनला तपासायला कोण उठणार? मुलगी म्हणते, नवीन भाषा, नवीन लायब्ररी. मग रात्री त्यात बिघाड झाला तर तो कोणाला कळणार? तुझ्या प्रत्येक टूलमुळे अण्णांच्या हातातली सत्ता थोडी कमी होते, आणि जबाबदारी मात्र एका मिनिटानेही कमी होत नाही. अशा सौद्याला मीही नाही म्हणाले असते, आणि कारण विचारल्यावर 'आपलं चाललंय ते बरं आहे' असंच काहीतरी मोघम सांगितलं असतं.

त्या मीटिंगमध्ये अण्णांनी विचारलं होतं ना, "ह्या एवढ्या परक्या लोकांच्या फायली आपल्या कोडमध्ये कशाला?" आणि तू ते अडाणीपणाचा नमुना म्हणून मला लिहून पाठवलंस. प्रश्न अगदी रास्त होता. मार्च २०१६ मध्ये एका डेव्हलपरने एनपीएमवरून, म्हणजे अशा लायब्ररींच्या सार्वजनिक कोठारावरून, आपली लेफ्ट-पॅड नावाची लायब्ररी काढून घेतली. अकरा ओळींची, मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारी. तिच्यावर कुठे ना कुठे टेकलेले जगभरातले प्रोजेक्ट तयार होईनात, ज्यांच्या मालकांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. शेवटी एनपीएमने ती स्वतः परत ठेवली. याला आज उत्तरं आहेत. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती, हे लॉकफाइल नावाच्या फाइलीत बांधून ठेवता येतं, कमीत कमी लायब्ररी घेता येतात. हे उत्तर तुझ्याकडे होतं. तू ते दिलं असतंस तर अण्णांना कळलं असतं की ही पोरगी रात्रीचा विचार करते.

आता अण्णांचीही आरती करायला नको. बारा वर्षांत एकदाही पासवर्ड दुसऱ्याला न देणं हे नुसतं कष्ट नव्हे, त्यात सुखही असतं. आपल्यावाचून अडतं ही भावना मोठी चटक लावते. पण त्यांच्याहीपेक्षा माझा राग मालकांवर आहे. एका माणसाच्या जागरणावर त्यांची सेवा बारा वर्षं उभी आहे आणि त्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. अण्णा उद्या दवाखान्यात असले तर ११ तारखेचं बिल कोण काढणार? 'आपसात मिटवा' हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही. हा प्रश्न तुझ्या-अण्णांच्या भांडणाचा म्हणून नेऊ नकोस. धंद्याचा प्रश्न म्हणून मालकांपुढे लेखी ठेव, पीएचपी ५.६ सोबत, एका पानावर, मराठीत, एकाही टूलचं नाव न घेता.

मग सुरुवात कुठून? बॅकअपपासून. हसू नकोस. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या लोकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर कमांड दिली आणि चालू डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा उडाला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. वेळ आली तेव्हा त्यातली एकही धड उपयोगी पडली नाही. एकाने योगायोगाने सहा तास आधी हाताने काढून ठेवलेली प्रत होती म्हणून बाकीचं वाचलं. मला त्यातलं पुढचं जास्त आवडतं. त्यांनी काहीही झाकलं नाही. दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट दाखवली, आणि नंतर जे लिहिलं त्यात त्या माणसाला न झोडपता, एकाच माणसाच्या एका कमांडने हे होऊच कसं शकलं, हा प्रश्न धरला.

तुमच्याकडे बॅकअप रोज होतो असं तू लिहिलंस. तो परत चढवून कोणी पाहिला आहे का? ४ किंवा १४ तारखेला, बिलाची धामधूम नसताना, अण्णांना म्हण, "अण्णा, एका जुन्या मशीनवर बॅकअप चढवून बघूया का? चढतो की नाही बघू." यात कोणाचा कोड वाईट ठरत नाही, कोणाची सवय मोडत नाही, आणि जी भीती अण्णा एकटे वाहतात तिच्यात तू भागीदार होतेस. बॅकअप चढला तर ते मशीन तसंच ठेवा. बदल आधी तिथे टाकून बघायची जागा तयार झाली. टेस्ट सर्व्हर हे नाव नंतर दिलं तरी चालेल.

दुसरं, फोन वाटून घे. तीनपैकी एक रात्र तुझी. वडिलांचं आजारपण आहे, तेव्हा जेवढं झेपेल तेवढंच. पण मालकांकडून दुसऱ्या दिवशीची सुट्टी लिहून घे, तुझ्यासाठीही आणि अण्णांसाठीही. अण्णांना ती बारा वर्षांत मिळाली नसेल आणि ती तुझ्यामुळे मिळाली तर त्याचं मोल कोणत्याही डेमोपेक्षा जास्त. पहिल्या दोन-तीन वेळा अण्णांसोबत बस. फोन कोणाचा, तक्रार काय, कुठली फाइल, काय बदललं, एवढं वहीत लिही. तीन बिलांनंतर तुझ्या लक्षात येईल की कोडमधला कोणता कोपरा खरंच दुखतो. माझा अंदाज आहे की तो तुझ्या यादीत नसेल.

रात्रीचा फोन घ्यायचा म्हणजे सर्व्हरचा पासवर्ड लागणारच. तो आता मागावा लागणार नाही, कामाचा भाग म्हणून येईल. आणि गिट? पहिल्या रात्री घाईत केलेला बदल दुसऱ्या दिवशी कोणता होता हेच आठवणार नाही, तेव्हा गिटची गोष्ट काढ. सर्व्हरवरचा कोड आहे तसा गिटमध्ये घाल. अण्णांनी एफटीपीने टाकलं तरी टाकू दे, तू रोज संध्याकाळी काय बदललं ते नोंदव. एक दिवस त्यांना विचारावंसं वाटेल, "मंगळवारी ही ओळ काय होती?" आणि तुझ्याकडे अर्ध्या मिनिटात उत्तर असेल. त्यानंतर गिटची वकिली करावी लागत नाही.

आता त्या ३७ कॉमेंट. तू मला नमुने पाठवलेस, त्यातल्या बावीस इंडेंटेशन (ओळींची मांडणी) आणि नावांच्या आहेत. हे काम माणसाने करायचंच नाही, ते लिंटर नावाचा कोड आपोआप तपासणारा प्रोग्राम करतो आणि त्याच्यावर कोणी रुसत नाही. उरलेल्यांपैकी चार खरंच महत्त्वाच्या होत्या, एकीत तर डेटाबेसला थेट धोका होता. ती बावीस क्षुल्लक कॉमेंटच्या गर्दीत बुडाली. शिवाय सगळ्या इंग्रजीत. "व्हाय इज धिस हिअर?" हे तू कुतूहलाने लिहिलं असशील, पण कागदावर आवाज नसतो. पन्नाशीच्या माणसाला, सगळी टीम वाचत असताना, ते झाडाझडतीसारखं वाटतं. तेच "अण्णा, ही अट कशासाठी टाकली होती?" असं शेजारी खुर्ची ओढून विचारलं असतं तर त्यांनी अर्धा तास गोष्ट सांगितली असती. यापुढे एका वेळी तीनच मुद्दे, आणि तुझा कोड आधी अण्णांपुढे ठेव. तपासून घेण्याची सवय तपासण्याच्या आधी दिसली पाहिजे.

टपरीचं मात्र वेगळं आहे, तिथे तुझी काही चूक नाही. पाच पुरुष चहाला जातात आणि कामाचे निर्णय करून येतात, ही गोष्ट मी तीस वर्षं पाहते आहे. पुण्यात काचेच्या इमारतींखालीही टपऱ्या आहेत. कोणी म्हणेल तूही जात जा. जावंसं वाटलं तर जा, कोपऱ्यात उभी राहून मोबाइल बघायला जाऊ नकोस. पण मागणी वेगळी कर: चहावर काहीही ठरू दे, ते ग्रुपवर दोन ओळींत लिहिल्याशिवाय ठरलं असं धरायचं नाही. याचा फायदा त्या दिवशी रजेवर असलेल्या मुलालाही होतो, तेव्हा ही मागणी 'मॅडमची' म्हणून उडवता येत नाही. आणि 'नवीन टूलवाल्या मॅडम' हे जो सगळ्यात आधी म्हणाला त्याला एकटा गाठून सरळ सांग की मला हे आवडत नाही, नावाने हाक मार. हसत सांगू नकोस. एवढ्याने बहुतेक वेळा थांबतं. नाही थांबलं तर मालकांकडे जा, आणि तेव्हा 'आपसात मिटवा' हे उत्तर घेऊ नकोस.

रिअ‍ॅक्टला कायमचा राम राम का? नाही. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो तसं जुन्यावर नवं हळूहळू चढवत न्यायची एक रीत आहे. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली तिला ऑस्ट्रेलियातल्या, दुसऱ्या झाडावर वाढून शेवटी त्यालाच गिळणाऱ्या एका झाडाचं नाव दिलं. जुनं चालू ठेवायचं, एक कोपरा नव्याने करायचा, तो रुळला की पुढचा. तुमच्याकडे तो कोपरा दर काढण्याचा नक्कीच नको. तू लिहिलंस की शेतकरी आपलं दूध, फॅट आणि बिल मोबाइलवर बघायला मागतात आणि आजचं पान मोबाइलवर वाचताही येत नाही. ते घे. ते नुसतं दाखवायचं पान आहे, चुकलं तर बिल बिघडत नाही. त्यासाठी रिअ‍ॅक्ट लागतं का, हा प्रश्न मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचार. गावात रेंज जेमतेम असते, फोन साधा असतो. तिथे पन्नास केबीचं साधं पान तुझ्या आवडत्या फ्रेमवर्कला हरवू शकतं. जिराचा नाद तूर्त सोड. सहा माणसांना फळा आणि खडू पुरतो.

आता गंजण्याची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या जाहिरातीत रिअ‍ॅक्ट लिहिलेलं असतं, 'अण्णांशी जुळवून घेतलं' असं लिहिलेलं नसतं. तेव्हा आठवड्यातले काही तास नवीन शिकण्यासाठी ठेवच. फक्त ते शिक्षण दूध संस्थांच्या बिलांवर करू नकोस. पण मी मुलाखती घेतल्या आहेत, शेकड्याने. रिअ‍ॅक्ट येणारे रोज भेटतात. चालू धंदा एक दिवसही न थांबवता बारा वर्षांचा कोड मेलेल्या पीएचपीवरून जिवंत पीएचपीवर नेला, बॅकअप चढवून सिद्ध केला, एका माणसावरचा भार तिघांवर आणला, हे सांगणारा उमेदवार वर्षाकाठी एखादा यायचा, आणि मग मी पुढचा प्रश्न विचारायला खुर्ची पुढे ओढायचे.

आणि तरीही निघून जायची वेळ येऊ शकते. मुदत मनाशी ठरव: दिवाळीचा दर फरक पार पडेपर्यंत. तोवर मालकांनी पीएचपीसाठी ना पैसा दिला ना वेळ, किंवा रात्रीचा फोन तुला दिला पण पासवर्ड दिला नाही, किंवा ते चिडवणं चालूच राहिलं, तर पुण्याचं तिकीट काढ आणि मन खाऊ देऊ नकोस. वडिलांजवळ राहायचं असेल तर घरून काम देणाऱ्या कंपन्याही आहेत, दोनच पर्याय आहेत असं समजू नकोस.

जाता जाता एक. तुझ्या पत्राच्या आदल्या आठवड्यात मला एका अण्णांचं पत्र आलं होतं. तुमचे नव्हेत, दुसरेच, दुसऱ्या शहरातले. लिहितात की नवीन पोरं दर सहा महिन्यांनी नवीन टूल आणतात, माझ्या कामाला कोणी काम समजत नाही, आणि मी आजारी पडलो तरी फोन मलाच. त्यांना मी लिहिलं की पासवर्ड आजच दुसऱ्या कोणाला द्या, आणि पुढच्या रात्रीच्या फोनला सगळ्यात नव्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

तुझी पुढची ११ तारीख जवळ आहे. आणि ती रविवार संध्याकाळची अट कशासाठी होती हे अण्णांकडून कळलं तर मला जरूर लिही. पत्र आल्यापासून माझ्या डोक्यातून ती जात नाही.